मुलाला तीन स्टार मिळालेत, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनजवळ केटीला राहणारे एक वडील विचारतात: मुलगा हायस्कूलच्या अकरावीत आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या रांगेत, कडेला) खेळतो. विद्यापीठांच्या संघांत जाऊ पाहणाऱ्या मुलांना पाचपर्यंत स्टार देणाऱ्या रिक्रूटिंग साइट असतात. त्यातल्या एकीवर त्याला तीन स्टार आहेत, दुसरीवर दोन, तिसरीवर त्याचं नावच नाही. त्याच्याच संघातल्या एका मुलाला पाच स्टार आहेत आणि देशभरातले कोच शाळेत येऊन त्याला भेटून जातात. हे स्टार पुढचं खरंच सांगतात का? आपल्याकडच्या सीईटीच्या रँकसारखे समजायचे का? आणि ते वाढावेत म्हणून उन्हाळ्यात कॅम्पांवर तीन-चार हजार डॉलर घालावेत का?

मी गेली चौदा वर्षं मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या रिक्रूटिंग ऑफिसात आहे. नाशिकहून संख्याशास्त्रात एमएस करायला आलो, शिकता शिकता फिल्म कापायचं काम मिळालं आणि तिथेच रमलो. वर्षाला सातशे-आठशे मुलांची फिल्म डोळ्यांखालून जाते. तेव्हा पुढे लिहितोय ते या खुर्चीतून दिसणारं आहे. अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बलाढ्य विद्यापीठांच्या ऑफिसातून थोडं वेगळं दिसत असेल, कारण त्यांना हवी ती मुलं मिळतात आणि आम्हाला उरलेल्यांतून शोधावी लागतात.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. विद्यापीठाने एका वर्षी घेतलेल्या पंचवीस मुलांच्या बॅचबद्दल रेटिंग काय सांगतं हा एक, आणि एका मुलाबद्दल काय सांगतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आहे ‘बरंच काही’ आणि दुसऱ्याचं ‘फार थोडं’. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी, हे कळलं की पैशाचा प्रश्न बराच सोपा होतो.

संघाचं आधी सांगतो. बड एलियट नावाच्या पत्रकाराने एक सोपं माप रूढ केलं आहे, त्याला ब्लू-चिप रेशो म्हणतात. मागच्या चार वर्षांत संघाने हायस्कूलमधून घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं फोर किंवा फाइव्ह स्टार होती का, एवढंच मोजायचं. वरच्या पातळीवर सव्वाशेहून अधिक संघ खेळतात. त्यातले ही रेषा ओलांडणारे वर्षाला दहा ते अठराच्या आसपास असतात. आणि २०११ च्या मोसमापासून २०२४ च्या मोसमापर्यंतचे सगळे राष्ट्रीय विजेते याच मूठभरांतले आहेत: अलाबामा, फ्लोरिडा स्टेट, ओहायो स्टेट, क्लेमसन, एलएसयू, जॉर्जिया, मिशिगन. चौदा मोसमांत एकही अपवाद नाही. माझ्या धंद्यात इतकी सरळ गोष्ट क्वचित सापडते.

यामागचं कारण तुमच्या टेक्सासमधल्याच उदाहरणावरून सांगतो. फोर्ट वर्थचा टीसीयू संघ २०२१ ला पाच सामने जिंकला आणि सात हरला. २०२२ ला नवे कोच सनी डाइक्स आले. त्या संघाकडून कुणाची मोठी अपेक्षा नव्हती, रेटिंगच्या हिशोबाने तर नव्हतीच. तरी ते साखळीतले बाराच्या बारा सामने जिंकले आणि उपांत्य फेरीत मिशिगनला ५१–४५ ने हरवून अंतिम सामन्यात पोचले. ९ जानेवारी २०२३ ला समोर जॉर्जिया होती. मध्यंतरालाच ३८–७ झालं होतं आणि शेवटी ६५–७. त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो होतो. टीसीयूची पहिल्या फळीतली मुलं चांगलीच होती, तेवढं नसतं तर मिशिगनला हरवणं शक्यच नव्हतं. पण जॉर्जियाचा एक लाइनमन (पुढच्या रांगेतला खेळाडू) बाहेर गेला की त्याच्या जागी येणारा तितकाच जड आणि तितकाच चपळ असायचा, आणि त्याच्यामागे तिसरा तयार असायचा. कोच चांगला असेल, नशीब साथ देत असेल आणि दुखापती झाल्या नाहीत, तर थ्री स्टार मुलांमधून बावीस उत्तम खेळाडू उभे करता येतात. तसेच साठ उभे करणं मात्र जवळजवळ अशक्य असतं. संघाच्या रेटिंगमध्ये मोजली जाते ती ही खोली, म्हणजे मागच्या फळ्यांतही किती चांगली मुलं आहेत ते.

मात्र हे माप ढोबळ आहे. पहिल्या पाचातली बॅच आणि चाळिसाव्या नंबरची बॅच यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाराव्या आणि अठराव्या नंबरच्या बॅचमध्ये मला तरी कधी फरक दिसलेला नाही. चाहते त्यावरून एकमेकांशी भांडतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या भांडणाच्या मध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरं उभी असतात.

आता टेक्सास ए अँड एमचं बघा. त्यांची २०२२ ची बॅच तोवरच्या सगळ्या बॅचेसमध्ये सर्वांत वरच्या रेटिंगची म्हणून गाजली होती. अर्ध्या डझनाहून जास्त फाइव्ह स्टार एकाच वर्षी आले. त्याच मोसमात संघ स्वतःच्या मैदानावर अपालाचियन स्टेटकडून १७–१४ ने हरला आणि वर्षअखेर पाच विजय, सात पराभव अशी नोंद झाली. ‘स्टार काही कामाचे नाहीत’ म्हणणाऱ्यांचं हे लाडकं उदाहरण आहे. त्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं मोसम ठरवत नाहीत. बॅचचं फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतं, आणि तोवर त्यातली बरीच मुलं दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेली होती. दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. एप्रिल २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) सोळावा निवडला गेला वॉल्टर नोलन आणि लगेच सतरावा शेमार स्ट्युअर्ट. दोघंही त्याच बॅचचे फाइव्ह स्टार. नोलन मधल्या काळात ओल मिस विद्यापीठात गेला होता, स्ट्युअर्ट ए अँड एमलाच राहिला. म्हणजे मुलांचं शरीर आणि ताकद याबद्दल रेटिंग बरोबर होतं. त्यांचा संघ कसा घडेल, कोण टिकेल, कोण कंटाळून जाईल, हे रेटिंगला माहीत असायचं कारणच नव्हतं.

तेव्हा ‘यश’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. संघाची ट्रॉफी, मुलाची ड्राफ्टमधली जागा, की चार वर्षं फुकट शिक्षण घेऊन धड गुडघ्यांनिशी बाहेर पडणं? स्टार यातल्या दुसऱ्या गोष्टीच्या सर्वांत जवळ जातात. तिसरीबद्दल ते काहीच बोलत नाहीत, आणि बाप म्हणून तुम्हाला ती पहिली वाटायला हवी, असं माझं मत आहे.

एकेका मुलाकडे वळू. स्टार निरर्थक आहेत हे सिद्ध करायला लोक नेहमी म्हणतात, की ड्राफ्टमध्ये बघा, निम्म्याहून जास्त मुलं टू-थ्री स्टारच असतात. ते खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. समजा एका वर्षात तीस फाइव्ह स्टार आहेत आणि त्यातले पंधरा पुढे ड्राफ्टमध्ये जातात. त्याच वर्षी पंधराशे थ्री स्टार आहेत आणि शंभरातले सहा जातात, म्हणजे नव्वद. (आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत, पण वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीत.) ड्राफ्टच्या दिवशी तुम्हाला पंधरा फाइव्ह स्टार दिसतील आणि नव्वद थ्री स्टार. तरी फाइव्ह स्टार मुलाची शक्यता दोनात एक होती आणि थ्री स्टारची सोळा-सतरांत एक. दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातून येतात. मी नवीन मुलांना शिकवतो तेव्हा हा तक्ता पहिल्याच दिवशी फळ्यावर काढतो.

यातून तुमच्यासारख्या बापाने काय घ्यायचं? फाइव्ह स्टारच्या बाबतीतसुद्धा निम्म्या वेळा अंदाज फसतो. थ्री स्टारचा डबा इतका मोठा आहे की त्यात पुढे काहीच न होणारी मुलं आणि दहा वर्षं एनएफएल खेळणारी मुलं शेजारीशेजारी बसलेली असतात, आणि डब्यावरचं लेबल त्यांना वेगळं करू शकत नाही.

तुम्ही ह्यूस्टनचे, मुलगा डिफेन्सिव्ह एंड, म्हणून हे उदाहरण तुमच्या घरचंच आहे. जेडेव्हियन क्लाउनी साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलचा. २०११ मध्ये हायस्कूलमधून बाहेर पडताना तो देशात पहिल्या नंबरवर होता आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनच्या टेक्सन्स संघाने त्याला सर्वांत आधी उचललं. रेटिंग शंभर टक्के खरं ठरलं. जे. जे. वॉट विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकीचा, टू स्टार. सेंट्रल मिशिगनला टाइट एंड म्हणून गेला, एक मोसम खेळला, मग स्कॉलरशिप सोडून विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय खेळणारा, झाला. मधल्या काळात पिझ्झा पोचवायचं काम करत होता. २०११ मध्ये टेक्सन्सनी त्याला अकरावा निवडला, आणि २०१२, २०१४, २०१५ अशी तीन वर्षं तो लीगमधला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. पुढे काही मोसम हे दोघं ह्यूस्टनच्या एकाच डिफेन्सिव्ह लाइनवर उभे राहिले. आज तुमच्या मुलाच्या हायस्कूलमध्येही तसेच दोघं आहेत. फक्त आपला वॉट होईल असं त्यावरून समजू नका. वॉटसारखा एक होतो तेव्हा तसेच शेकडो टू स्टार कुणाच्या लक्षातही न येता खेळ सोडून देतात.

आता सीईटीचं. ही तुलना आपल्या लोकांच्या मनात पटकन येते, माझ्याही आली होती. पण सीईटीत सगळे एकच पेपर देतात. इथे पेपर एक नाही. देशात सुमारे दहा लाख मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. केटीतला मुलगा दर शुक्रवारी अशा संघांविरुद्ध खेळतो जिथे समोरच्या लाइनवरही कॉलेजला जाणारी मुलं असतात. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉसारख्या शेतीच्या गावात तसं नसतं. जॉश ॲलन तिथलाच. हायस्कूल संपताना त्याला वरच्या पातळीवरच्या एकाही विद्यापीठाची ऑफर नव्हती. तो रीडली कॉलेज नावाच्या ज्युनिअर कॉलेजात गेला, तिथून वायोमिंगला, आणि मग एनएफएलमध्ये पहिल्या फेरीत. ॲरन रॉजर्सचा रस्ताही असाच ज्युनिअर कॉलेजमधून गेला. रेटिंग देणारी माणसं मेहनती आहेत, मी काहींना ओळखतो. पण ती मोजकी आहेत आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्नियाच्या मोठ्या शहरांभोवती जास्त फिरतात. याचा तुमच्या मुलाला फायदाच आहे. केटीत राहणारा मुलगा कुणाच्या नजरेला पडलाच नाही, असं सहसा होत नाही.

दुसरी अडचण अशी की पेपर तपासणारे एकमेकांच्या वह्यांत बघतात. एखाद्या टू स्टार मुलाला अलाबामाची ऑफर आली की आठवड्याभरात तो थ्री किंवा फोर स्टार होतो. त्यात लबाडी नाही. मुख्य कोच निक सेबन यांच्या काळातल्या अलाबामाच्या कोचना त्या मुलात काही दिसलं असेल तर ती माहिती खरोखरच मोलाची होती. पण मग ऑफर बघून स्टार वाढतात आणि स्टार बघून बाकीच्या ऑफर येतात, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की आपण स्वतंत्रपणे बघितलं. आमच्या ऑफिसात म्हणून एक शिस्त आहे. फिल्म बघताना पडद्यावर मुलाचं नाव, शाळा आणि स्टार झाकलेले असतात, फक्त जर्सीचा नंबर दिसतो. तिघं जण वेगवेगळे बसून लिहितात आणि मगच भिंतीवरच्या बोर्डावर त्याच्या नावाचं मॅग्नेट लागतं. ही शिस्त आम्ही आणल्यापासून माझ्या स्वतःच्या नोंदी बदलल्या. त्याआधी मी फोर स्टार मुलाच्या चुकीला ‘सुधारेल’ लिहायचो आणि टू स्टारच्या त्याच चुकीला ‘जमत नाही’.

मुलगा मैदानावर कुठल्या जागी खेळतो, त्यानुसारही फरक पडतो. रनिंग बॅक, रिसीव्हर, कॉर्नरबॅक यांच्यात वेग हा मोठा भाग असतो आणि वेग सतराव्या वर्षी दिसतो, घड्याळात मोजता येतो. क्वार्टरबॅकचं (चाल चालवून चेंडू फेकणाऱ्याचं) कठीण, कारण त्याचं अर्धं काम डोक्यात चालतं. पॅट्रिक महोम्स तुमच्याच राज्यातल्या व्हाइटहाउसचा, थ्री स्टार. बेकर मेफील्ड ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसचा, टेक्सास टेकला वॉक-ऑन म्हणून गेला आणि २०१७ मध्ये ओक्लाहोमासाठी हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला. पण सर्वांत कठीण आहेत लाइनवर खेळणारी मुलं, तुमच्या मुलासारखी. तिथे आपण खेळ बघत असतो आणि अंदाज बांधायचा असतो शरीराचा, तोही चार वर्षांनंतरच्या.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या सगळ्या मोठ्या चुका इथेच झाल्यात.

जूनमध्ये आमच्या मैदानावर एक दिवसाचा कॅम्प असतो. सकाळी साडेसातला मुलं रांगेत येतात, बूट-मोजे काढून भिंतीला पाठ टेकवतात आणि मी डोक्यावर लाकडी पट्टी ठेवून आकडा वाचतो. यादीत सहा फूट चार इंच लिहिलेला मुलगा बहुतेक वेळा सहा-दोन भरतो. एकदा एक मुलगा टाचा किंचित उचलून उभा होता. ‘टाचा टेकव बाळा’ म्हटलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या वडिलांकडे बघितलं. मग आम्ही हाताची लांबी मोजतो, पंजा मोजतो, मनगट आणि घोटा बघतो. मनगट जाड आहे आणि दंड अजून काठीसारखा आहे, असा मुलगा मला आवडतो, त्याच्या हाडांवर अजून जागा आहे. मग विचारतो, मागच्या वर्षी बुटाचा नंबर काय होता? मामा किती उंच आहे?

२०१५ मध्ये अशाच एका डिफेन्सिव्ह एंडच्या नावापुढे मी ‘नको’ लिहिलं. सहा-चार, एकशे अठ्ठ्याण्णव पौंड, बास्केटबॉल आणि कुस्ती दोन्ही खेळणारा. माझी नोंद अजून आहे: ‘हलका, पहिल्या धक्क्यातच मागे जातो.’ नोंद खरी होती. त्याच वर्षी आम्ही एक फोर स्टार घेतला, दोनशे पंचेचाळीस पौंडांचा. त्याला पंधराव्या वर्षीच दाढी आली होती आणि हायस्कूलमध्ये तो समोरच्या मुलांना अक्षरशः उचलून बाजूला ठेवायचा. चार वर्षांनी तो दोनशे पन्नास होता, कारण तो अकरावीतच पूर्ण वाढलेला होता. आता समोरचेही मोठे झाले होते आणि त्याच्याकडे ताकदीशिवाय दुसरं हत्यार नव्हतं, ते कधी लागलंच नव्हतं. आणि तो काठीसारखा मुलगा एका लहान विद्यापीठाकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला तेव्हा दोनशे साठच्या पुढे गेला होता. कुस्तीत शिकलेली हातांची चाल त्याच्याकडे होतीच. आमच्या लेफ्ट टॅकलला (त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आमच्या लाइनमनला) त्या दुपारी फार सोसावं लागलं. रेटिंग सतराव्या वर्षीचा फोटो असतो. लवकर वाढलेल्या मुलाला तो फोटो फार उदार असतो आणि उशिरा वाढणाऱ्याला कंजूस. वॉटची गोष्ट मुळात हीच आहे.

इथवरचं एका ओळीत: बॅचबद्दल स्टार बरंच खरं सांगतात, एका मुलाबद्दल फक्त शक्यता सांगतात, आणि लाइनवरच्या मुलांबाबत ती शक्यताही सर्वांत धूसर असते.

गेल्या काही वर्षांत मात्र जमीनच हललीय आणि तुम्हाला ते माहीत असायला हवं. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८ मध्ये आलं. २०२१ पासून मुलाला एकदा तरी एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येऊ लागलं, आणि आता त्यावर फारशी बंधनं उरली नाहीत. त्याच वर्षी जुलैपासून मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये तीन सामने जिंकला होता आणि नऊ हरला होता. मग कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातली आपली डझनभर मुलं घेऊन आले. पहिल्याच मोसमात अकरा विजय, आणि २०२५ च्या मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. वर सांगितलेला चौदा मोसमांचा नियम तिथे मोडला. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हायस्कूलमध्ये असताना मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतच नव्हता. त्याचं येलला जायचं ठरलं होतं, मग कॅलिफोर्निया विद्यापीठाची ऑफर आली, तिथून तो इंडियानाला आला आणि त्याच मोसमात हाइझमन जिंकला. सिग्नेटींचं सूत्र सगळ्यांना ठाऊक आहे: मुलगा काय करू शकेल यापेक्षा त्याने काय करून दाखवलंय ते बघायचं. बावीस वर्षांच्या मुलाची कॉलेजमधली तीस सामन्यांची फिल्म समोर असेल तर त्याला सतराव्या वर्षी किती स्टार होते, हे बघायची गरजच उरत नाही.

याने स्टार खोटे ठरले का? माझ्या मते नाही. त्यांची मुदत कमी झाली. पूर्वी ते चार वर्षं मुलाला चिकटून असायचे, आता दीड-दोन वर्षांत फिल्म त्यांची जागा घेते. पण याची दुसरी बाजू तुमच्या घरावर थेट पडते. पोर्टलमधून तयार खेळाडू मिळत असल्यामुळे अनेक कोच हायस्कूलची मुलं कमी घेतात. शिवाय २०२५ मध्ये कोर्टातली तडजोड झाल्यापासून मोठ्या विद्यापीठांत ८५ स्कॉलरशिपच्या जुन्या मर्यादेऐवजी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आलीय. पूर्वी वॉक-ऑन होऊन चार वर्षं मागच्या रांगेत वाढत राहणाऱ्या मुलाला जी जागा मिळायची, ती आकसलीय. म्हणजे थ्री स्टार लाइनमनची सुरुवात आता जास्त वेळा लहान विद्यापीठातून होईल, आणि तिथून वर जायचा दरवाजा पूर्वीपेक्षा मोठा आहे. मला हे वाईट वाटत नाही. जिथे दुसऱ्याच वर्षी मैदानावर उतरायला मिळेल तिथे मुलगा वाढतो.

आता पैशाचं. स्टार वाढवण्यासाठी कॅम्पला जाऊ नका, कोचच्या डोळ्यांसमोर उभं राहण्यासाठी जा. ‘एक्स्पोजर’ नावाने भरणाऱ्या महागड्या कॅम्पांत बहुतेक वेळा आमच्यासारख्यांपैकी कुणी नसतं. विद्यापीठांचे स्वतःचे जूनमधले एक दिवसाचे कॅम्प स्वस्त असतात आणि तिथे त्या विद्यापीठाचे लाइन कोच स्वतः हात धरून शिकवतात. असे तीन-चार निवडा. एक तुमच्या स्वप्नातलं विद्यापीठ असू दे, बाकीचे असे असावेत ज्यांनी तुमच्या मुलाला आधीच पत्र किंवा मेसेज पाठवलाय. पैसे देऊन मुलाचं नाव शेकडो कोचना पाठवणाऱ्या सेवा मी कुणालाच सुचवत नाही, तसे ईमेल आम्ही उघडतही नाही.

फिल्म पाठवताना हडल या व्हिडिओ साइटवरची तीन मिनिटांची हायलाइट लागतेच, पण तिच्याखाली एका पूर्ण सामन्याची लिंक द्या, आणि सामना कठीण संघाविरुद्धचा द्या, हरलेला असला तरी चालेल. मी डिफेन्सिव्ह एंडच्या फिल्ममध्ये सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) शोधत नाही. चेंडू पलीकडच्या बाजूला गेल्यावर हा मुलगा चालतो की धावतो, ते बघतो. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याची कंबर किती खाली आहे, ते बघतो. हायलाइटमध्ये या दोन्ही गोष्टी कधीच नसतात.

आणि मार्कलिस्ट. कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या, पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायला हायस्कूलचे सोळा कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो. आपल्या घरांतल्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही, उलट चांगले मार्क हे आपलं मोठं भांडवल असतं. आयव्ही लीगची विद्यापीठं (येल त्यांतलंच एक) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण घरच्या उत्पन्नानुसार मदत देतात. ३.८ जीपीएचा, सहा-तीन उंचीचा थ्री स्टार डिफेन्सिव्ह एंड त्यांच्या कोचना हवाच असतो. तिसऱ्या डिव्हिजनमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, अभ्यासावर मिळते. मेंडोझाच्या गोष्टीत येल येतं ते उगाच नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. मुलगा स्वतः ते पान रोज उघडून बघत असेल. शक्य असेल तर मोसम सुरू असताना ते बंद करायला सांगा, त्याच्या कोचकडून सांगितलंत तर जास्त लागू पडेल. आणि संघातल्या त्या फाइव्ह स्टार मुलाशी त्याची तुलना घरात कुणी करू नये. उलट तो मुलगा रोज सरावात समोर उभा राहत असेल तर तुमच्या मुलाला जे मिळतंय ते कुठल्याही कॅम्पात पैसे देऊन मिळणार नाही. त्याला बघायला आलेले कोच त्याच सरावात तुमच्या मुलालाही बघत असतात. आमच्या बोर्डावरची किमान चार नावं अशी, दुसऱ्याच कुणाला तरी बघायला गेलेल्या कोचनी आणलेली आहेत.

तुमच्या मूळ प्रश्नात मुलाची उंची-वजन आहे, पण ते कधी मोजलेलं ते नाही. सकाळी उठल्या उठल्या, अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून मोजा. गेल्या दीड-दोन वर्षांतले डॉक्टरांकडचे जुने आकडे सापडले तर तेही शेजारी लिहा, आणि बुटाचा नंबर. ते आकडे आणि एका पूर्ण सामन्याची लिंक कळवलीत, तर कोणत्या पातळीच्या विद्यापीठांना आत्ता लिहायला सुरुवात करावी, ते फिल्म बघून सांगतो.